दानाचा पैसा आणि आतड्याच्या दाहाचे संशोधन

ग्रहणी आणि अतिसार हे दोन व्याधी आपणा सर्व वैद्यांच्या नित्य परिचयाचे आहेत. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायात ग्रहणीदोषाचा आणि एकोणिसाव्या अध्यायात अतिसाराचा सविस्तर विचार केला आहे. वाग्भटाचार्यांनी तर ग्रहणीची गणना आठ महागदांत केली. हा व्याधी किती चिवट आहे, किती वेळा उलटतो आणि रुग्णाचे बल कसे हळूहळू हरण करतो, हे प्राचीनांना पुरते ठाऊक होते. याच क्षेत्रात आज जगभर मोठे संशोधन चालू आहे आणि त्यातील बराच भाग शासनाच्या किंवा औषध कंपन्यांच्या नव्हे, तर धर्मादाय संस्थांच्या पैशावर उभा आहे. त्या संस्था पैसा कसा उभारतात, कोणाला देतात आणि अनेक ठिकाणचे काम एका सूत्रात कसे बांधतात, हे वैद्यबंधूंसमोर मांडावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा विषय उमरीसारख्या तालुक्याच्या गावी बसून का सुचला, ते प्रथम सांगणे भाग आहे.

एका रुग्णाची गोष्ट

काही वर्षांपूर्वी तालुक्यातील एका खेड्यातून बावीस-तेवीस वर्षांचा एक तरुण चिकित्सालयात आला. शेतकरी कुटुंब. दिवसातून आठ-दहा वेळा सरक्त, साम मलप्रवृत्ती, कुंथणे, अरुची आणि दौर्बल्य. रक्तातिसाराचे निदान करून कुटज, बिल्व, मुस्ता यांची योजना केली व तक्राचे पथ्य सांगितले. पंधरा दिवसांत उपशय मिळाला. दोन महिन्यांनी वेग पुन्हा वाढले, पुन्हा उपशय आणि पुन्हा पुनरुद्भव. अखेर घरच्यांनी त्याला सिकंदराबादच्या गाडीत बसवून हैदराबादला नेले. आमच्या भागात हे नवीन नाही. उमरी हे मुदखेड-निजामाबाद मार्गावरील स्थानक असल्याने मोठ्या दुखण्यासाठी लोकांची पावले नांदेडइतकीच हैदराबादकडेही वळतात. तेथे कोलोनोस्कोपी झाली आणि 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' असे निदान झाले. स्टिरॉइड व मेसालामाइन सुरू झाले.

काही आठवड्यांनी त्याचे वडील मला भेटावयास आले. म्हणाले, "साहेब, तिकडच्या गोळ्या सगळ्या सोडल्या. आता पोरगा तुमच्याच औषधावर आहे." प्रामाणिकपणे सांगतो, ते ऐकून मला क्षणभर बरे वाटले. स्टिरॉइड एकाएकी सोडू नये, हे मला ठाऊक होते. तरीही मी त्यांना तत्काळ परत पाठविले नाही. पुढे तीन महिन्यांच्या आत त्या मुलाला तीव्र रक्तस्राव झाला, रुग्णालयात भरती करून रक्त चढवावे लागले. तो वाचला. त्या वेळी तेथील तज्ज्ञांनी मला दूरध्वनी करून अत्यंत सौजन्याने विचारले, "आपण कोणते औषध, किती मात्रेत, किती दिवस दिले? आधी दिवसाला किती वेग होते, नंतर किती झाले? हिमोग्लोबिन कधी तपासले होते?" माझ्या वहीत रुग्णाचे नाव, औषधाचे नाव आणि घेतलेले पैसे एवढेच होते. सुरुवातीला त्याला खरोखर उपशय मिळाला होता, हेही मला पुराव्याने सांगता आले नाही.

त्या दिवसापासून दोन प्रश्न मनात घर करून राहिले. अशा रुग्णाला आपण केलेली हानी टळली कशी असती? आणि आपल्याला दिसलेला लाभ, तो खरा असेल तर, कोणाच्या उपयोगी कसा पडला असता? या दोन्हींचे उत्तर शोधताना धर्मादाय न्यासांच्या कार्यपद्धतीचा परिचय झाला.

व्याधीचे स्वरूप

'इन्फ्लेमेटरी बॉवेल डिसीज' या नावाखाली मुख्यतः दोन विकार येतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये दाह बृहदांत्राच्या आतील स्तरात असतो आणि तो गुदापासून वर पसरत जातो. क्रोन्स डिसीजमध्ये मुखापासून गुदापर्यंत कोठेही, बहुधा लघ्वंत्राच्या अंतिम भागी, भित्तीच्या संपूर्ण जाडीत दाह होतो. त्यातून आतडे अरुंद होणे, भगंदर, विद्रधी असे उपद्रव संभवतात. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातील बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपेनहायमर यांनी १९३२ मध्ये या दुसऱ्या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. दोन्ही विकारांत रोगप्रतिकारक यंत्रणा आतड्यावरच उलटलेली असते. आनुवंशिकता, आतड्यातील सूक्ष्मजीव, आहार आणि परिसर यांचा त्यात वाटा आहे. परंतु नेमके मूळ कारण अद्याप निश्चित झालेले नाही.

हे विकार म्हणजेच ग्रहणी किंवा रक्तातिसार, असे सरळ समीकरण मांडता येत नाही. रक्तातिसाराच्या लक्षणसमुच्चयात जंतुजन्य प्रवाहिका येते, अमिबाचा उपसर्ग येतो, आंत्रक्षय येतो, बृहदांत्राचा कर्करोगही येऊ शकतो. आपल्या देशात क्रोन्स डिसीज आणि आतड्याचा क्षय यांतील भेद हा तर मोठमोठ्या तज्ज्ञांनाही कठीण जाणारा प्रश्न आहे. क्षयाच्या रुग्णाला स्टिरॉइड दिले तर क्षय बळावतो. क्रोनच्या रुग्णाला महिनोन्‌महिने क्षयाची औषधे दिली तर तेवढा काळ दाह वाढत राहतो. म्हणून या क्षेत्रात पहिली गरज नेमक्या नोंदीची आणि समान व्याख्यांची आहे. न्यासांचे कार्य येथूनच सुरू होते.

कुटुंबांनी उभी केलेली संस्था

अमेरिकेत १९६७ मध्ये न्यूयॉर्क येथे रोझेंथल आणि मॉडेल या दोन दांपत्यांनी डॉ. हेन्री जॅनोविट्झ यांच्यासह एक संस्था स्थापन केली. प्रारंभी तिचे नाव 'नॅशनल फाउंडेशन फॉर इलायटिस अँड कोलायटिस' असे होते. आज ती 'क्रोन्स अँड कोलायटिस फाउंडेशन' म्हणून ओळखली जाते. त्या काळी या विकारांबद्दल सामान्य लोकांना माहिती नव्हती. मलप्रवृत्तीविषयी बोलणे लाजिरवाणे मानले जाई आणि संशोधनाला पैसाही तुटपुंजा मिळे. ब्रिटनमध्ये १९७९ साली अशीच रुग्णांची राष्ट्रीय संस्था निर्माण झाली, ती आज 'क्रोन्स अँड कोलायटिस यूके' या नावाने कार्यरत आहे. दोन्ही संस्थांचा उगम रोगाची झळ लागलेल्यांच्या गरजेत आहे, हे विशेष लक्षात घ्यावे.

अशा संस्थेकडे पैसा येतो तो असंख्य लहान देणग्यांतून, धनिकांच्या मोठ्या दानातून, मृत्युपत्राने ठेवलेल्या रकमांतून, तसेच पदयात्रा आणि धावण्याच्या कार्यक्रमांतून. औषध कंपन्यांकडूनही अशा संस्थांना साहाय्य मिळते. त्यामुळे निर्णय कोण घेतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. सुस्थापित न्यास पैसा वाटताना साधारणपणे असा क्रम पाळतात. प्रथम संस्था विषय जाहीर करून प्रस्ताव मागविते. प्रस्तावांची छाननी त्या विषयातील अनेक तज्ज्ञ स्वतंत्रपणे करतात, गुण देतात आणि त्यानुसार क्रम लागतो. ज्या तज्ज्ञाचा अर्जदाराशी संबंध असेल, तो त्या अर्जाच्या चर्चेतून बाहेर राहतो. रक्कम हप्त्याहप्त्याने दिली जाते आणि पुढचा हप्ता प्रगतीच्या अहवालावर अवलंबून असतो. अमेरिकन संस्था नवोदित संशोधकांना शिष्यवृत्ती, काही वर्षे काम केलेल्यांना कारकीर्द घडविण्यासाठी साहाय्य आणि ज्येष्ठांना स्वतंत्र प्रकल्पासाठी अनुदान, अशा पायऱ्यांनी पैसा देते. आज शिष्यवृत्तीवर असलेला तरुण उद्या मोठा प्रकल्प चालवू शकेल, एवढा दूरचा विचार त्यामागे आहे.

अनेक ठिकाणचे काम एका सूत्रात

पैसा देण्याहूनही अधिक मोलाचे काम समन्वयाचे आहे. क्रोन्स डिसीज झालेल्या बालकांपैकी कोणात पुढे आतडे अरुंद होईल आणि कोणात भगंदर होईल, हे आधी ओळखता येईल काय? एका रुग्णालयाला हा प्रश्न सोडविता येणे शक्य नव्हते, कारण एका ठिकाणी इतकी मुले मिळतच नाहीत. अमेरिकन संस्थेच्या पाठबळाने 'रिस्क' नावाचा अभ्यास अमेरिका व कॅनडातील २८ केंद्रांत एकाच पद्धतीने राबविण्यात आला. निदानाच्या वेळीच प्रत्येक मुलाची माहिती आणि नमुने घेतले गेले. २०१७ मध्ये त्यातील ९१३ मुलांच्या तीन वर्षांच्या पाठपुराव्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. लवकर दिलेल्या टी.एन.एफ.विरोधी औषधाने भगंदरासारखे भेदक उपद्रव कमी झाले, आतडे अरुंद होण्याचे प्रमाण मात्र कमी झाले नाही. लाभ आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट झाल्या, कारण २८ ठिकाणी एकच प्रपत्र वापरले होते. त्याच संस्थेने पुढे 'आय.बी.डी. प्लेक्सस' या नावाने अनेक अभ्यासांतील माहिती आणि नमुने एकत्र ठेवण्याची व्यवस्था उभी केली. तेथून इतर संशोधकांनाही ती उपलब्ध होते.

दुसरी गोष्ट प्रश्नांच्या निवडीची. संशोधकाला जे रंजक वाटते आणि रुग्णाला जे नडते, ते नेहमी एकच असते असे नाही. ब्रिटनमध्ये 'जेम्स लिंड अलायन्स'च्या पद्धतीने रुग्ण, त्यांचे आप्त आणि चिकित्सक यांना एकत्र बसवून या विकारांतील संशोधनाचे दहा अग्रक्रम ठरविण्यात आले. त्यांत आहाराची भूमिका आली, थकवा आला, वेदना आली, मलावरील ताबा सुटण्याचा त्रास आला. पथ्यापथ्याला चिकित्सेचे अंग मानणाऱ्या आपल्या परंपरेला यातील पहिला मुद्दा जवळचा वाटेल.

आहाराबाबतचे एक उदाहरण फार बोलके आहे. धान्ये, साखर व पिष्टमय पदार्थ वर्ज्य करणारा एक विशिष्ट आहार क्रोनच्या रुग्णांत अमेरिकेत फार लोकप्रिय होता. अनेकांना त्याने गुण आल्याचे अनुभव सांगितले जात. रुग्णांच्या आग्रहावरून त्याची तुलना भूमध्य सागरी प्रदेशातील साध्या आहाराशी करण्यात आली. क्रोन्स अँड कोलायटिस फाउंडेशन या कामी सहभागी होती आणि मुख्य अनुदान रुग्णकेंद्री संशोधनासाठी असलेल्या अन्य एका संस्थेचे होते. २०२१ मध्ये निष्कर्ष आला. १९४ रुग्णांपैकी सहा आठवड्यांनी लक्षणमुक्त झालेल्यांचे प्रमाण विशिष्ट आहारात ४६.५ टक्के आणि भूमध्य सागरी आहारात ४३.५ टक्के होते. म्हणजे अधिक कठोर पथ्याचा अधिक लाभ सिद्ध झाला नाही. ज्यांच्या आग्रहाने प्रश्न विचारला गेला, त्यांना न आवडणारे उत्तरही छापले गेले. दानाचा पैसा सत्कारणी लागला, असे म्हणावे ते यालाच.

शेजारच्या हैदराबादेत

हे सर्व परदेशातील झाले. आता आपल्या रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. हे विकार पाश्चात्त्य आणि शहरी लोकांचे, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. आशिया-प्रशांत प्रदेशातील तेरा देश व प्रांतांत समान पद्धतीने केलेल्या नोंदींचा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व ठिकाणची सरासरी काढता वर्षाला लाख लोकसंख्येमागे १.५० नवे रुग्ण आढळले, तर भारतातील आकडा ९.३१, म्हणजे त्या अभ्यासातील आशियाई ठिकाणांत सर्वाधिक होता.

यापुढचे पाऊल एका न्यासाच्या साहाय्याने पडले. न्यूयॉर्कच्या हॉटेल व मालमत्ता व्यवसायातील लिओना हेल्म्सले यांचे २००७ मध्ये निधन झाले आणि त्यांच्या संपत्तीतून 'लिओना एम. अँड हॅरी बी. हेल्म्सले चॅरिटेबल ट्रस्ट' २००८ पासून अनुदाने देऊ लागला. क्रोन्स डिसीज हा या न्यासाच्या निवडक विषयांपैकी एक आहे. हाँगकाँगच्या सिउ एंग आणि कॅनडाचे गिलाद काप्लान यांच्या नेतृत्वाखालील 'गिव्हज-२१' हा अभ्यास या न्यासाच्या पैशावर चालतो. आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील ज्या देशांत हा विकार नव्याने वाढतो आहे, तेथील नवे रुग्ण एकाच प्रपत्राने नोंदवून आहार आणि परिसराचा शोध घेणे, हा त्याचा उद्देश. पाश्चात्त्य देशांत ही वाढ होऊन गेली, तेव्हा कोणी नीट नोंद ठेवली नव्हती. येथे ती प्रत्यक्ष घडताना पाहता येते, हे त्यामागील तर्कशास्त्र.

हैदराबादच्या ए.आय.जी. रुग्णालयातील डॉ. रूपा बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी याच न्यासाच्या साहाय्याने शहरी रुग्णालयाबरोबर खेड्यांतील शिबिरांतूनही पचनाच्या तक्रारी असलेल्या ३० हजारांहून अधिक लोकांची तपासणी केली. दुर्बिणीची सोय असलेले वाहन गावोगाव नेण्यात आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार अशा लक्षणयुक्त शंभर जणांमागे सुमारे पाच जणांना हा दाहक विकार होता, आणि खेडे व शहर यांत फार मोठे अंतर आढळले नाही. येथे एक खुलासा आवश्यक आहे. हे प्रमाण तक्रार असलेल्यांतील आहे, सर्व लोकसंख्येतील नव्हे. तरीही आपल्यासारख्या ग्रामीण वैद्याला त्याचा अर्थ सरळ आहे. दीर्घकाळ सरक्त मलप्रवृत्तीची तक्रार घेऊन आपल्या बाकावर बसलेल्या रुग्णांत या विकाराचे रुग्ण निश्चितच आहेत. आपण त्यांना ओळखत नाही, एवढेच.

आपल्या द्रव्यांचे काय?

न्यासांची गरज आपल्या शास्त्राला अधिक का आहे, तेही पाहू. हळदीच्या व्रणरोपक गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले. तो विजय योग्यच होता. परंतु ज्यावर एकाधिकार मिळणार नाही, त्या द्रव्याच्या मोठ्या व खर्चिक परीक्षणात कंपनीला फारसा रस उरत नाही, ही त्याची दुसरी बाजू होय. ती पोकळी शासन किंवा न्यास यांनीच भरून काढावयाची असते.

लहान प्रमाणात जे काम झाले आहे, ते आशादायक आहे आणि सावध करणारेही आहे. जपानमध्ये हानाई यांनी २००६ मध्ये शांतावस्थेतील अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या ८९ रुग्णांवर सहा महिने केलेल्या अभ्यासात नेहमीच्या औषधासोबत रोज २ ग्रॅम कुर्क्युमिन घेणाऱ्या ४३ पैकी दोघांत, तर न घेणाऱ्या ३९ पैकी आठ जणांत व्याधी उलटला. शल्लकीच्या निर्यासाचा जम्मू येथील गुप्ता व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये केलेला लहानसा अभ्यास आपणांपैकी अनेकांना ठाऊक असेल. त्यात सहा आठवड्यांत शल्लकीने ८२ टक्के, तर सल्फासॅलाझिनने ७५ टक्के रुग्णांना उपशय मिळाला होता. तो अल्सरेटिव्ह कोलायटिसचा होता. जर्मनीत क्रोनच्या ८२ रुग्णांवर ५२ आठवड्यांचा आंधळ्या तुलनेचा अभ्यास झाला, तेव्हा व्याधी शांत ठेवण्यात शल्लकी निरौषध गोळीहून सरस ठरली नाही. द्रव्य एकच, पण व्याधी दोन, अवस्था दोन आणि उत्तरेही दोन. निदान नेमके नसेल तर यांतील कोणते उत्तर आपल्या रुग्णाला लागू पडते, हे कसे कळणार?

तिसरे उदाहरण नीळीचे. नीळ देणाऱ्या वनस्पतींपासून चिनी पद्धतीने तयार केलेल्या चूर्णाचा जपानमध्ये ८६ रुग्णांवर अभ्यास झाला व तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांत निरौषध गटात १३.६ टक्के, तर मात्रेनुसार औषधी गटांत सुमारे ७० ते ८१ टक्के रुग्णांना लाभ दिसला. इतका लाभ असूनही तो अभ्यास मध्येच थांबविण्यात आला. स्वतः विकत आणून सहा महिने हे चूर्ण घेतलेल्या एका रुग्णात फुप्फुसाच्या धमनीतील रक्तदाब वाढल्याचे आढळले होते. वनस्पतिज म्हणजे निरुपद्रवी, हे गृहीत धरू नये, ही शिकवण त्यातून मिळते. ग्रहणीत रसपर्पटी किंवा पंचामृत पर्पटी वापरणाऱ्या वैद्यांनी तर वृक्क व यकृताच्या तपासण्यांची नोंद अवश्य ठेवावी.

पुण्याचा दाखला

समन्वित संशोधन आयुर्वेदात होऊ शकत नाही, असे कोणी म्हटल्यास त्याला पुण्याकडे बोट दाखवावे. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसने १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघरी जाऊन सांधेदुखीचे सर्वेक्षण आरंभिले. आधी दुखणे मोजले, औषधाचा विचार नंतर केला. पुढे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या एका राष्ट्रीय योजनेत वैद्य, संधिरोगतज्ज्ञ, औषधनिर्माणतज्ज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ एकत्र आले. शुंठी, गुडूची आदी द्रव्यांच्या कल्पांची तुलना ग्लुकोसामाइन व सेलेकॉक्सिब यांच्याशी गुडघ्याच्या संधिवाताच्या ४४० रुग्णांत २४ आठवडे करण्यात आली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात आपले कल्प त्या औषधांच्या बरोबरीचे ठरले. त्याच लेखात काही रुग्णांत यकृताचे एस.जी.पी.टी. हे विकर वाढल्याचेही नमूद आहे. ते पुढे पूर्ववत झाले. हा पैसा शासनाचा होता, न्यासाचा नव्हे. परंतु पद्धत तीच होती. समान प्रपत्र, अनेक केंद्रे, स्वतंत्र गणना आणि प्रतिकूल बाबही उघडपणे सांगण्याची तयारी. आतड्याच्या दाहासाठी असे काम आपल्या भागात का होऊ नये?

आपल्या शाखेला काय करता येईल?

कोणी म्हणेल, उमरी-नांदेडच्या वैद्यांकडे कोठे एवढा निधी आहे? परंतु निधीच्या आधी शिस्त लागते आणि तिला खर्च फारसा नाही. आपल्या संघटनेच्या नांदेड व लातूर भागातील वैद्यांनी पुढील गोष्टी विचारात घ्याव्यात, अशी नम्र सूचना आहे.

पहिली गोष्ट, दीर्घकाल सरक्त अतिसाराच्या रुग्णासाठी सर्वांनी एकच प्रपत्र वापरावे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेला 'सिंपल क्लिनिकल कोलायटिस ॲक्टिव्हिटी इंडेक्स' यासाठी सोयीचा आहे. दिवसाचे वेग, रात्रीचे वेग, वेगाची घाई, रक्ताचे प्रमाण, रुग्णाची एकूण अवस्था आणि सांधे, त्वचा, नेत्र यांतील लक्षणे, एवढे विचारून गुण देता येतात. त्यासाठी दुर्बीण लागत नाही. त्यापुढे प्रकृती, अग्नी, आम-निराम अवस्था आणि दिलेले औषध मात्रा व कालावधीसह लिहावे.

दुसरी गोष्ट, रात्री झोपेतून उठविणारे वेग, वजन घटणे, ज्वर, पांडुता किंवा चार आठवड्यांहून अधिक काळ रक्त जाणे यांपैकी काहीही आढळल्यास कोलोनोस्कोपी व क्षयाची तपासणी यांसाठी रुग्णाला विनाविलंब पाठवावे. निदान झाल्यावर आपली चिकित्सा तज्ज्ञांच्या सल्ल्याने जोडीला द्यावी.

तिसरी गोष्ट, चालू असलेले स्टिरॉइड किंवा अन्य औषध आपण थांबवू नये व रुग्णाने थांबविल्याचे कळताच त्याला परत पाठवावे. या एका नियमाने, माझ्या हातून घडले ते पुढे कोणाच्या हातून घडणार नाही.

चौथी गोष्ट, नोंदी पुरेशा जमल्यावर नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयातील आणि वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकांशी बोलून, नीतिसमितीच्या संमतीने आणि २००७ पासून कार्यरत असलेल्या 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया' येथे आधी नोंदणी करून, एखादा लहान पण नेटका अभ्यास हाती घ्यावा. निधीची मागणी त्यानंतर करावी. ज्याच्याकडे दोनशे रुग्णांच्या नेमक्या नोंदी आहेत, त्याच्या अर्जाकडे न्यास गांभीर्याने पाहील. ज्याच्याकडे केवळ अनुभव आहे, त्याला आपला अनुभव घरीच घेऊन परतावे लागेल.

अखेर पैशाच्या हिशोबाविषयी. हैदराबाद मुक्तिसंग्रामात ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीच्या बँकेवर छापा घालून स्वातंत्र्यसैनिकांनी निजामी राजवटीचा पैसा चळवळीसाठी ताब्यात घेतला, हे या भागातील मुलालाही ठाऊक आहे. त्या रकमेचा हिशोब पुढे चोख देण्यात आला, हे सांगताना आमच्या ज्येष्ठांचा स्वर अधिक अभिमानाचा होत असे. दुसऱ्याचा पैसा हाती आला की त्याचा हिशोब द्यावा लागतो, हा संस्कार या मातीत आहे. आपल्याकडे येणारा रुग्ण पैशाहून मोठी गोष्ट आपल्या हाती सोपवितो. तिचा हिशोब आपण लिहून ठेवतो काय, एवढाच प्रश्न आहे.

तो तरुण आज नियमित उपचारांवर आहे, शेती पाहतो आणि अधूनमधून पथ्याचा सल्ला घेण्यासाठी येतो. आता त्याच्या नावाचे स्वतंत्र प्रपत्र आहे. त्यात दर भेटीचे वेग, वजन आणि हिमोग्लोबिन लिहिलेले असते. असे प्रपत्र आपल्या सर्वांच्या चिकित्सालयांत एकाच नमुन्याचे असावे, ही इच्छा व्यक्त करून हा लेख पूर्ण करतो. या कामात सहभागी होऊ इच्छिणाऱ्या वैद्यबंधू-भगिनींनी शाखेच्या पुढील बैठकीस अवश्य यावे.